परिचरांची रिकामी पदे कोण मोजणार?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कपाशीवर फवारणी सुरू झाली की ग्रामीण रुग्णालयांतल्या डॉक्टरांच्या रिक्त पदांची बातमी दरवर्षी छापून येते. यायलाच हवी. पण त्या तक्त्यात परिचर, कक्षसेवक, सफाई कामगार यांचा रकाना कधी दिसत नाही. विषबाधेच्या रुग्णाला पहिला हात लागतो तो बहुधा यांचाच.

2017 च्या हंगामात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर फवारणीच्या विषाने गेले, शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. विष कातडीतूनही शरीरात जाते, म्हणून इंजेक्शनच्या जोडीने रुग्णाचे भिजलेले कपडे उतरवून केसांपासून नखांपर्यंत साबणाने अंग धुवावे लागते. ते कोण धुतो? नातेवाईक घाबरून दाराशी उभे असतात. नर्सबाई सलाईन लावण्यात गुंतलेल्या. तेव्हा मावशी आणि वॉर्डबॉय बादल्या आणतात. हातात धड मोजे नसले तर तेच विष त्यांच्याही कातडीला लागते. पुढे विषावर उतारा म्हणून दिलेल्या अ‍ॅट्रोपिनचा अंमल चढला की रुग्ण भ्रमात बडबडतो, नळ्या ओढतो, खाटेवरून उतरून पळायला बघतो. अख्ख्या वॉर्डाला रात्री एकच नर्स असेल तर त्याला धरून कोण बसणार? डॉक्टरांनी औषध अचूक दिले तरी हे हात नसले तर रात्र निभत नाही.

‘हे काम कोणीही करील, त्याला शिक्षण कशाला?’ असे म्हणणारे पुष्कळ आहेत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत थोड्या शिकलेल्या गावच्याच बायांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवले. तिथले नवजात मृत्यू निम्म्याहून अधिक घटले, हे 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. त्या बायांना नीट शिकवले होते, हाताशी साहित्य होते आणि त्यांच्या कामावर कोणाचे तरी लक्ष होते. आमच्या परिचरांना यातले काय मिळते?

शिवाय आता बहुतेक भरती कंत्राटदारामार्फत. कंत्राट बदलले की माणसे बदलतात. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे असा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला कामावर घेताना आणि नंतर दरवर्षी प्रशिक्षण द्यायचे आहे, हिपॅटायटिस ‘बी’ आणि धनुर्वाताची लसही द्यायची आहे. हिपॅटायटिसचे तीन डोस पुरे व्हायला सहा महिने लागतात. मधेच माणूस बदलला तर तिसरा डोस कोणाच्या वहीत लिहायचा? पिवळ्या पिशवीत चुकून सुई पडली तर ती टोचणार सफाई कामगारालाच.

याच दवाखान्यांत खाट बदलायला, बाळ दाखवायला ‘चहापाणी’ मागणारेही भेटतात. त्यांची वकिली करायला मी बसलो नाही, त्यांच्यावर कारवाई व्हावीच. पण पगार वेळेवर द्यायचा नाही आणि माणूस मात्र सचोटीचा हवा, हे कसे जमायचे?

उपकेंद्रातली अर्धवेळ स्त्री परिचर तर आणखीच मागे पडलेली. नाव अर्धवेळ, पण बाळंतपण काय दुपारी संपते? झरी-जामणी, मारेगावकडच्या कोलाम आदिवासींच्या पोडांवरून (वस्त्यांवरून) आलेल्या बाईशी तिच्या बोलीत बोलणारे दवाखान्यात कोणी असेल, तर ती बहुधा गावातलीच ही परिचर. आशाताई मोर्चे काढतात म्हणून त्यांचे प्रश्न निदान विधानसभेत तरी पोचतात. हिचे तिथवर कोण नेणार?

जिल्हा परिषदेने आणि आरोग्य खात्याने फवारणीआधी प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात परिचरांना रसायनापासून वाचवणारे हातमोजे आणि एप्रन द्यावेत. अंग धुण्यासाठी पाण्याची सोय असलेली जागा वेगळी ठेवावी. कंत्राट कोणाचेही येवो, शिकलेली माणसे बदलू नयेत. आपणही पुढची रिक्त पदांची बातमी कराल तेव्हा वार्ताहराला या पदांचे आकडे मागायला सांगा. कार्यालयाने दिले नाहीत, तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज मी टाकतो.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. घाटंजी, जि. यवतमाळ