डार्विन बंदराच्या जाळ्याची गाठ सोडवून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

डॉकयार्डात जन्मभर वायर रोप आणि शॅकल (साखळ्या जोडणारी कडी) हाताळलेल्या माणसाने वेळ काढून बंदरातल्या जाळ्यांवरचा आमचा मसुदा ओळ न ओळ तपासला. त्याचे आभार सर्वांसमोर मानायचे, म्हणून हे उघडं पत्र.

ऑस्ट्रेलियन नौदलाच्या कूकाबरा, कोआला, कांगारू आणि करांगी या नौका, शत्रूच्या पाणबुड्या अडवायला बंदरात जाळी टाकणाऱ्या. सिडनीच्या कॉकाटू बेटावर बांधलेल्या. त्यांच्या दुसऱ्या महायुद्धातल्या कामाचं वर्णन बहुतेक ठिकाणी 'डार्विन बंदरातल्या जाळ्याची देखभाल' एवढ्यावर संपतं. त्या देखभालीत काय काय येतं, हे तुम्ही उलगडून दाखवलंत.

उत्तर ऑस्ट्रेलियातल्या डार्विनचं पाणबुडीविरोधी जाळं साडेपाच-सहा किलोमीटर लांब होतं आणि तिथे उधाणाला पाणी आठ मीटरपर्यंत चढतं-उतरतं. हे दोन्ही आकडे आमच्या मसुद्यात होते, पण वेगवेगळ्या परिच्छेदांत. ते एकत्र वाचायला तुम्ही शिकवलंत. जाळं तरंगत धरणाऱ्या बॉयाची नांगरसाखळी आखूड ठेवली तर भरतीला बॉया पाण्याखाली ओढला जातो. लांब ठेवली तर ओहोटीला जाळं सैल पडून एका बाजूला वाहत जातं. म्हणून जाळ्याच्या दोन्ही अंगांना नांगर हवेत, आणि साखळीचा बराच भाग तळावर पडलेला हवा, म्हणजे पाणी चढेल तसा तो उचलला जातो. पाण्याची ओढ जोरात असली की जाळं शिडासारखं फुगतं, त्याची खालची कड वर येते आणि नेमकी पाणबुडीला हवी असलेली वाट तळाशी मोकळी होते. त्यामुळे जड काम भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीत फरक सर्वात कमी असतो त्या दिवसांत, तेही पाणी थांबतं त्या थोड्या वेळात उरकायचं. या नौकांचं वेळापत्रक भरती-ओहोटीच्या तक्त्यावर चालत असणार, हे तुमचं वाक्य आम्ही जसंच्या तसं घेतलं आहे.

या नौकांच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, बाहेर आलेल्या शिंगांसारख्या दोन भागांचा खुलासाही तुमचाच. वजन नाळेच्या पुढे उचललं की जाळं नौकेच्या अंगाला घासत नाही आणि मागच्या पंख्यापासून लांब राहतं. पण नाळ दबते, मागची बाजू वर येते आणि पंख्याची पकड कमी होते. वर आलेल्या जाळ्यावर कालवं आणि शेवाळ साचलेलं असतं. ते खरवडल्याशिवाय तुटलेली तार दिसत नाही, आणि ते वजन धरल्याशिवाय बॉयांचा हिशेब चुकतो. शॅकलची पिन बारीक तारेने बांधली नाही तर लाटांच्या हिसक्यांनी ती फिरत फिरत निघते आणि जाळ्याचा एक टोकाचा भाग सुटतो. हे वाक्य आमच्यापैकी कुणालाच लिहिता आलं नसतं.

२० जानेवारी १९४२ रोजी ऑस्ट्रेलियाच्या 'डेलोरेन' युद्धनौकेने डार्विनबाहेर जपानची आय-१२४ पाणबुडी बुडवली. तिच्या शोधासाठी अमेरिकन पाणबुडे कूकाबरावरून उतरले होते. उचलायला आणि नांगर टाकून एका जागी स्थिर राहायला बांधलेली नौका या कामी का आली, तेही आता नीट कळतं.

१९ फेब्रुवारी १९४२ च्या डार्विनवरच्या जपानी हवाई हल्ल्याचा मजकूर तुम्ही कापायला लावलात, तेही बरं झालं. जाळं विमानांना अडवत नाही. मात्र जाळ्याचं दार सांभाळणारी कारा कारा ही नौका, म्हणजे पूर्वीची सिडनीची गाड्या वाहणारी फेरी, तिथून हटू शकत नव्हती. तिच्यावरचा लीडिंग कुक फ्रान्सिस एम्स जखमी होऊनही मशीनगनवर उभा राहिला आणि त्या जखमांनीच गेला. त्याचं नाव ठेवाच, असं तुम्ही बजावलंत. ते ठेवलं आहे.

सिडनीची नोंदही तुमच्या सांगण्यावरून जोडली. तिथे ३१ मे १९४२ च्या रात्री जाळं अपुरं होतं, दोन्ही टोकांना वाट मोकळी होती. जपानच्या तीन बुटक्या पाणबुड्यांपैकी एक जाळ्यात अडकली, पण दुसरीच्या टॉर्पेडोने 'कटाबुल' ही नौका बुडून २१ खलाशी गेले.

करांगीचा गंजलेला सांगाडा आजही सिडनीच्या होमबुश खाडीत उभा आहे. त्याचे फोटो सोबत पाठवत आहोत. नाळेकडचा भाग पाहून विंचची (दोर-साखळी ओढणाऱ्या यंत्राची) जागा कुठे असावी, तेवढं सवडीने कळवा. तोपर्यंत ते पान कोरंच ठेवतो.

आपले ऋणी,
मसुद्यावर काम करणारे आम्ही सगळे