एका विनातारण धनकोचं क्रीडामंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री,
संस्कृती, माध्यमे व क्रीडा विभाग, लंडन

महोदय,

सादर नमस्कार. आपण कामात असाल, तरी दहा मिनिटं मागतो. पत्र मराठीत आहे, त्याबद्दल माफी असावी. बावीस वर्षं लँकेशायरमध्ये काढली, औषधाच्या दुकानात दिवसभर इंग्रजीच बोलतो. पण इंग्रजीत रागवायला बसलं की वाक्य 'आपला आभारी राहीन' वर जाऊन थांबतं. आज मला आभारी राहायचं नाही.

गेल्या मंगळवारी एक पाकीट आलं. आमच्या गावचा फुटबॉल क्लब (नाव घेत नाही, दिवस वकिलांचे आहेत) कर्जापायी प्रशासकाच्या ताब्यात गेलाय. पुढच्या मोसमाचं सीझन तिकीट मी एप्रिलमध्येच काढलं होतं, लवकर भरलं तर सवलत म्हणून. ३८९ पौंड. पत्रात लिहिलंय की तिकीट चालेलच याची हमी देता येत नाही, आणि तेवढ्या रकमेपुरता मी क्लबाचा 'अनसिक्युअर्ड क्रेडिटर' आहे. म्हणजे विनातारण धनको. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी धनको म्हटलं. बायको म्हणाली, "अहो, फ्रेम करून लावा."

या धनकोंच्या रांगेतही मानपान आहे बरं का. इथल्या फुटबॉलचा नियमच असा, की खेळाडूंचे पगार आणि दुसऱ्या क्लबांची देणी आधी पुरती भागवायची, उरलंसुरलं बाकीच्यांत. २०१० मध्ये पोर्ट्समथ बुडाला तेव्हा त्या बाकीच्यांच्या यादीत मैदानाबाजूला पट्ट्या बांधणारी सेंट जॉन अँब्युलन्ससुद्धा होती. आमच्या यादीत खाटीक आहे, पत्रकं छापणारा आहे, मी आहे. चहाच्या खिडकीवरच्या बाईंचा दोन महिन्यांचा पगार अडकलाय. शेवटच्या सामन्याला त्यांनी तरीही खिडकी उघडली. मला नेहमीसारखा कडक चहा दिला, दोन साखरा न विचारता टाकल्या, आणि पाच पौंडांची नोट पुढे केली तर म्हणाल्या, "सुटे द्या हो, गल्ल्यात सुटे ठेवायचे बंद केलेत त्यांनी."

मी मूळचा कोल्हापूरचा, मंगळवार पेठेतला. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींची फुटबॉल मॅच असली की घरात जेवण वेळेवर होत नसे, असं आमचं बालपण. इथे पहिल्या हिवाळ्यात एकटेपणानं भिंती खायला उठायच्या, तेव्हा एका सहकाऱ्यानं या मैदानावर नेलं. २००८ मध्ये वडील आले, त्यांनाही नेलं. पाऊस तिरका, वर पत्रा गळका, खेळ अगदी टुकार. वडील मफलर कानाला गुंडाळून नव्वद मिनिटं बसले आणि उठताना म्हणाले, "ही आपली तालीमच की रे." ते गेले तेव्हा मला विमान मिळालं नाही, अंत्यदर्शन चुकलं. त्यानंतरच्या शनिवारी मी त्यांच्या खुर्चीवर त्यांचा मफलर ठेवून बसलो. ३८९ पौंडांत हे धरलेलं नाही, कल्पना आहे मला.

आता तुम्ही म्हणाल, मालकानं उधळलं, त्यात सरकारचा काय दोष? मालकाला मीही शिव्या घालतो, रोज सकाळी, दात घासताना. पण तो जुगार खेळला तो कशामुळे? वरच्या पायरीवर ढीग मांडलाय म्हणून! प्रीमियर लीगचा देशातल्या प्रक्षेपणाचा चालू करार चार वर्षांचा आहे, ६७० कोटी पौंडांचा. २०२४-२५ मध्ये साउदॅम्प्टननं अख्ख्या मोसमात १२ गुण मिळवले, तळाला गेले, आणि त्या बदल्यात दहा कोटी पौंडांच्या वर घेऊन गेले. शिवाय प्रीमियर लीगमधून खाली पडणाऱ्याला 'पॅराशूट' म्हणून पुन्हा पैसे, पहिल्या वर्षी साडेचार-पाच कोटी. त्याच चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे दुसऱ्या पायरीवर, शेजारी उभ्या असलेल्या साध्या क्लबाला प्रीमियर लीगकडून मिळतात पन्नासेक लाख. आमची तिसरी पायरी तर त्याच्याही खाली. मग मधल्या क्लबांनी काय करायचं? उत्पन्नापेक्षा पगार जास्त द्यायचे आणि देवाचं नाव घ्यायचं. चॅम्पियनशिपनं एकूण मिळून हे केलंय, एकदा नाही, अनेक वर्षं. आणि एवढं करून वर गेलात तरी काय? २०२३ मध्ये वर आलेले तिन्ही क्लब २०२४ मध्ये खाली, २०२४ मध्ये वर आलेले तिन्ही २०२५ मध्ये खाली.

हे काही आभाळातून पडलेलं नाही. १९८३ पर्यंत लीगमध्ये यजमान क्लब गेटच्या पैशातला वाटा पाहुण्यांना देत असे. मोठ्यांनी ते बंद करवलं. १९९२ मध्ये वरचे क्लब वेगळेच निघाले, कारण टीव्हीचा पैसा खालच्या सत्तर क्लबांशी वाटायचा नव्हता. भाऊबंदकीच झाली ही. फरक इतकाच की आमच्याकडे वाटणी झाल्यावर निदान बांध तरी मोजतात.

शेजारच्या बरीची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. १९०३ च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात बरीनं डर्बीला ६-० हरवलं. एवढ्या फरकानं अंतिम सामना पुढे ११६ वर्षं कुणी जिंकला नाही. मे २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीनं वॉटफर्डला ६-० हरवून बरोबरी केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बरीला लीगमधून काढलं. १३४ वर्षांचा क्लब, आदल्या डिसेंबरात एका पौंडाला विकलेला. दोन मैदानांत अंतर जेमतेम दहा मैल.

लीगचे खर्चाचे नियम कुणाला लागतात तेही पाहिलं. एव्हर्टनचे नोव्हेंबर २०२३ मध्ये दहा गुण कापले, मग सहा केले, मग आणखी दोन कापले. नॉटिंगहॅम फॉरेस्टचे चार. सगळं एका मोसमात, चटचट. सिटीवर शंभराहून जास्त आरोप फेब्रुवारी २०२३ मध्ये ठेवले, आणि त्यांची सुनावणी सुरू व्हायलाच २०२४ चा सप्टेंबर उजाडला. सिटी दोषी आहेत असं मी म्हणत नाही. त्यांचे वकील भारी आहेत एवढंच म्हणतो.

युरोपात तरी काय वेगळं? जर्मनीत निम्म्याहून जास्त मतं सभासदांकडे, तिकीट स्वस्त, आणि तरीही बायर्न २०१३ पासून सलग अकरा वेळा विजेते. नुसत्या सभासदांनी भागत नाही, वाटप बदलावं लागतं. पूर्वी रुमानियाचा स्टेआवा, युगोस्लाव्हियाचा रेड स्टार असे क्लब युरोपियन कप घेऊन जायचे. २००४ च्या पोर्तुगालच्या पोर्तोनंतर पाच श्रीमंत देशांबाहेर तो चषक गेलेलाच नाही. पॅरिसनं २०१७ मध्ये एका नेमारसाठी २२.२ कोटी युरो मोजले. तेवढ्यात आमची अख्खी लीग किती वर्षं चालली असती, हिशेब करायला बसलो आणि बायकोनं कागद काढून घेतला.

आणि हो, ब्लॅकबर्न. १९९५ चे विजेते, तेही जॅक वॉकर नावाच्या स्थानिक पोलादवाल्याच्या पैशावर, म्हणजे पूर्वी सगळं सोवळंच होतं असं मी म्हणणार नाही. २०१० मध्ये पुण्याच्या कोंबडीवाल्या व्यंकीजनं तो घेतला, २०१२ मध्ये क्लब खाली आला. त्या मे महिन्यात प्रेक्षकांनी मैदानात जिवंत कोंबडी सोडली. दुसऱ्या दिवशी दुकानात चार गिऱ्हाइकांनी मला 'तुमची माणसं' म्हणून सुनावलं. मी कोल्हापूरचा! पुण्याच्या वतीनं मी का बोलणी खावीत?

एप्रिल २०२१ मध्ये युरोपातल्या बड्या क्लबांच्या वेगळ्या सुपर लीगचा डाव इंग्लंडच्या प्रेक्षकांनी रस्त्यावर येऊन दोन दिवसांत मोडला. तुमच्या सरकारांना (पक्ष कुठलाही घ्या) फुटबॉलवर नियामक नेमायचा कायदा करायला चार वर्षं लागली. ४७ शिफारशी, श्वेतपत्रिका, मध्ये एक निवडणूक, आणि जुलै २०२५ मध्ये शिक्का. नियामक आला, बरं झालं. पण वाटपाचं काय? प्रीमियर लीग आणि खालच्या पायऱ्यांची लीग यांपैकी कुणी अर्ज करायचा, अटींत बसायचं, मग नियामक लक्ष घालणार. विहिरीत पडलेल्यानं आधी फॉर्म भरायचा. कायद्याला जेमतेम तीन महिने झाले तोच शेफिल्ड वेन्सडे प्रशासकाकडे गेला, बारा गुण कापले गेले.

खरं सांगू का, मला हे सगळं ओळखीचं वाटतं. आमच्याकडे सहकारी साखर कारखाना आधी आजारी पाडतात, मग आजारी आहे म्हणून विकतात, आणि सभासद शेअरचा कागद हातात घेऊन गेटवर उभा. तुम्ही १९८९ मध्ये पाणी विकलं, मग रेल्वे. पाणी कंपन्यांनी कर्ज काढून लाभांश वाटले, आता बिल माझं वाढतंय आणि नदीत मैला. यात फुटबॉल कुठे वेगळा पडतो, दाखवा. गावात तुमच्या मालकीचं असं काय उरलंय, पाळीपाळीनं मोजायला बसलो तर एका हाताची बोटंही पुरून उरतात.

मागण्या फार नाहीत. नियामकाला कुणाच्या अर्जाशिवाय वाटपात हात घालू द्या. पॅराशूटचे पैसे सगळ्या पायऱ्यांत वाटा. आणि सीझन तिकिटाचा पैसा सामने होईपर्यंत वेगळ्या खात्यात ठेवायची सक्ती करा, म्हणजे आमच्यासारख्यांना धनको होण्याचा मान मिळणार नाही.

पहिला सामना घरच्या मैदानावर आहे, दुपारी तीनला. गेट उघडणार का, अजून कुणी सांगत नाही. मी जाणार आहे.

आपला,
रांग जी, खुर्ची ११४
(शेजारची ११५ मफलरची आहे, तिचेही पैसे मीच भरतो, म्हणजे ३८९ गुणिले दोन धरा.)