पोटऱ्या आणि गोळी

सातारा,
१२ ऑगस्ट

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार. परवा फोनवर म्हणालास, "पोटऱ्या धरतात, म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी सोडली." वहिनी शेजारी असतील म्हणून मी नुसतं हं केलं. खरं सांगू? तीन वर्षांपूर्वी मीही हेच केलं होतं. गोळी सुरू होऊन आठ दिवस झाले नाहीत तोच जिना चढताना मांड्या भरून यायला लागल्या.

आमच्या डॉक्टरांनी आधी रक्तातलं सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की वाढणारं द्रव्य, तपासलं. ते नॉर्मल निघालं, तेव्हा त्यांनी लंडनची एक हकिगत सांगितली. इम्पीरियल कॉलेजच्या डॉक्टरांनी तुझ्यामाझ्यासारखी, त्रासामुळे स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची हीच गोळी, सोडलेली साठ माणसं घेतली. २०२० साली निकाल छापून आला. प्रत्येकाला बारा महिन्यांच्या बारा बाटल्या दिल्या: चारांत खरी गोळी, चारांत हुबेहूब तशीच दिसणारी खोटी, आणि चार चक्क रिकाम्या. कुठला महिना कशाचा, ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं. रोज फोनवर त्रासाला शंभरपैकी गुण द्यायचे. रिकाम्या महिन्यांची सरासरी ८ आली, खऱ्या गोळीची १६.३. आणि खोट्या गोळीची? १५.४! म्हणजे दुखत होतं, खरंच दुखत होतं रे, पण बहुतेक सगळं गोळी गिळण्यामुळे, गोळीतल्या औषधामुळे नव्हे. शेवटी प्रत्येकाच्या हाती त्याचा स्वतःचा आलेख दिला, आणि निम्म्यांनी गोळी पुन्हा सुरू केली.

मला भावला तो हा स्वतःचा आलेख. हजार माणसांची सरासरी माझ्या मांडीबद्दल काय सांगणार? कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या गॉर्डन गयाट यांनी १९८६ मध्येच एका दमेकऱ्यावर असा एकट्याचा प्रयोग करून तो प्रसिद्ध केला होता. थिओफिलिन हे दम्याचं औषध न घेता त्याला जास्त बरं वाटतं, असं निघालं. अर्थात दुखणं जुनाट हवं आणि औषधाचा असर लवकर चढून लवकर उतरणारा हवा. आपोआप बऱ्या होणाऱ्या तापावर हे चालायचं नाही.

मग डॉक्टरांना विचारूनच आम्ही घरगुती प्रयोग केला. पुतण्याचं औषधांचं दुकान आहे. त्याने काही कॅप्सूलमध्ये गोळी घातली, काहींत मक्याचं पीठ. तीन-तीन आठवड्यांच्या चार फेऱ्या. कुठली फेरी कशाची हे नाणं उडवून ठरलं आणि ती चिठ्ठी त्याच्या गल्ल्यात बंद. डॉक्टरांनाही पत्ता नाही. मी दुधाचा हिशोब लिहितो त्या कॅलेंडरवर रोज दुधाखाली दुखण्याचे गुण लिहायचो. सुलभा म्हणायची, "दीड लिटर, सात गुण? म्हशीला काय झालं?"

चिठ्ठी उघडली तर सगळ्यात जास्त दुखलेली फेरी पिठाची! मी तासभर पुतण्याशी हुज्जत घातली, तूच घोटाळा केलास म्हणून. चार फेऱ्या म्हणजे फार पुरावा नव्हे, हेही कबूल; त्यात पिठाच्या फेरीत आमच्या टाकीची मोटर बिघडली होती आणि मी गच्चीवर बादल्या चढवत होतो. पण गोळी तेव्हापासून चालू आहे. जिनाही चालू आहे.

तू मात्र माझं ऐकून परस्पर काही करू नकोस. आधी डॉक्टरांकडे जा, सीपीके करून घे. लघवी चहासारखी गडद झाली किंवा अंगातलं बळच गेलं, तर प्रयोगबियोग बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठ.

दिवाळीला येशील तेव्हा ते कॅलेंडर दाखवतो. मार्चचं पान तेवढं वहिनींसमोर उघडू नकोस, त्यावर तुझ्याकडून यायचे तीनशे रुपयेही लिहिलेत.

तुझा,
अरविंद