जॉबकार्डावरचं नाव

सर,

सप्रेम नमस्कार. काल शाळेत पेढे घेऊन आले होते, तुम्ही भेटला नाहीत. तुमचं कंत्राट संपलंय, नवा आदेश यायचाय, असं कळलं. म्हणून हे पत्र, आणि चार लोकांनी वाचावं म्हणून उघडंच लिहितेय. पोरगं दहावी पास झालं. आयटीआयचा फॉर्मही भरला, मोटार मेकॅनिकचा, दोन वर्षांचा.

याच पोराबद्दल आधीच्या शाळेत मला ऐकवलं होतं, "याला गॅरेजला घाला, कशाला शिकवताय?" मी खरंच घातलं की! अख्खा मे महिना त्याने चहा आणला, डिझेलमध्ये चेनी धुतल्या. दहा-अकराचा पाना मागितला की हातात द्यायचा, स्वतः लावायचा नाही. महिन्याने विचारायला गेले तर मिस्त्रीला याचं नावही ठाऊक नव्हतं. "बारक्या होय?" म्हणाला.

नववीत तुमच्याकडे ऑटोमोटिव्ह, म्हणजे गाडीदुरुस्तीचा विषय घेतला तेव्हा शाळेत साहित्य आलेलं नव्हतं. तुम्ही स्वतःची स्प्लेंडर पोरांपुढे उभी केलीत. यानेच तिच्या ऑइल काढायच्या ड्रेन बोल्टचे आटे घालवले ना? तुम्ही एवढंच म्हणालात म्हणे, "आता हाताला कळलं, किती आवळायचं ते." त्या दिवशी घरी येऊन तो जेवला नाही, पण दुसऱ्या दिवशी तासाला सगळ्यांच्या आधी हजर.

मग घरात दुसरा विषयच नाही. स्पार्क प्लग बिस्किटाच्या रंगाचा निघाला तर इंजिन ठीक, काजळी धरली तर पेट्रोल जास्त, पांढरा पडला तर कमी. मी शिलाई मशीनवर बसते, टाका सैल की घट्ट ते कळतं मला, त्यामुळे ऐकायला मजा यायची. दशांश चिन्हाला घाबरणारा मुलगा प्लगची 0.7 मिलिमीटरची गॅप फीलर गेजची पातळ पट्टी घालून बघायला लागला. 2020 ला गाड्यांच्या धुराचा बीएस-6 नियम आला, पेट्रोलमध्ये हवा मिसळणारे कार्ब्युरेटर गेले, आता नुसत्या कानावर भागत नाही, वाचावं लागतं, असं तुम्ही सांगितलंत. तेव्हापासून डिक्शनरी घेऊन इंग्रजी मॅन्युअल वाचत बसतो.

पण सर, पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे. माझ्या मोपेडचे मागचे ब्रेक लायनर त्याने बदलले, तुम्ही तपासलेत आणि मला जॉबकार्ड, म्हणजे गाडीच्या कामाच्या नोंदीचं कार्ड दिलंत. 'मेकॅनिक' पुढे तुमच्या अक्षरात त्याचं नाव, मग माझं नाव, मग आडनाव. वडिलांच्या नावाचं तुम्ही काही विचारलं नाहीत. प्रत्येक खिडकीवर मला ती कहाणी सांगावी लागलीय. तुम्हाला कोणी सांगितलं होतं की नाही, ठाऊक नाही. एखाद्याला पूर्ण नावाने लिहायला काय लागतं हो? शाई तेवढीच लागते. तरी पंधरा वर्षांत कोणाला सुचलं नव्हतं.

कार्ड मशीनच्या खणात ठेवलंय. त्यावर पुढच्या सर्व्हिसिंगचे किलोमीटर लिहिलेत, अजून दोनशे बाकी आहेत. तोवर तुम्ही परत आलेले असाल असं धरून चाललेय. पेढे मात्र तेवढे टिकायचे नाहीत. शिपाईमामांकडे ठेवलेत, आदेशाची चौकशी करायला याल तेव्हा न्या.

तुमच्या विद्यार्थ्याची आई