मॅनेजरला हाकलण्याची घाई नको

इंग्लंडच्या नॅशनल लीगमध्ये, म्हणजे पाचव्या स्तरावरच्या फुटबॉलमध्ये, चार-पाच सामने हरले की ‘मॅनेजरला (म्हणजे संघाच्या मुख्य प्रशिक्षकाला) हाकला’ अशी ओरड सुरू होते. चाहत्यांचा राग मी समजू शकतो. पदरमोड करून, पावसात भिजत दूरदूरच्या सामन्यांना जाणारी ही माणसे आहेत. पण इथून वरच्या लीगमध्ये दरवर्षी दोनच संघ जातात. एक थेट, दुसरा प्लेऑफमधून, म्हणजे त्याच्या खालोखालच्या संघांमधल्या बाद फेरीतून. २०२२-२३ मध्ये नॉट्स काउंटी या क्लबला तब्बल १०७ गुण मिळवूनही थेट बढती मिळाली नाही! अशा लीगमध्ये एका हंगामावरून माणसाचा निकाल कसा लावायचा?

त्याच वर्षी अव्वल ठरलेल्या रेक्सहॅम या वेल्समधल्या क्लबचेच बघा. मे २०२२ मध्ये आठवड्याभरातच मॅनेजर फिल पार्किन्सन यांचा संघ लंडनच्या वेम्बली मैदानावर एफए ट्रॉफी या खालच्या स्तरांतल्या क्लबांच्या स्पर्धेची अंतिम लढत हरला आणि मग घरच्या मैदानावर प्लेऑफमध्ये ग्रिम्सबीकडून ४-५ असा, तोही जादा वेळ संपता संपता. क्लबमध्ये एवढा पैसा ओतून बढती नाही म्हटल्यावर चिडणे साहजिकच. तरी क्लबच्या मालकांनी पार्किन्सन यांना ठेवले. पुढच्याच हंगामात १११ गुण, आणि २०२५ पर्यंत सलग तीन बढत्या.

सगळ्यांकडे रेक्सहॅमसारखा पैसा नसतो, हे खरे. पण म्हणूनच सांगतो, खेळाडू मॅनेजरसाठी जीव तोडून पळत असतील तर त्याला हंगाम पूर्ण करू द्या. ड्रेसिंग रूमचाच विश्वास उडाला असेल तर गोष्ट वेगळी. मुदतीआधी काढलेल्या मॅनेजरची भरपाई छोट्या क्लबच्या तिजोरीतूनच जाते. तो पैसा नव्या स्ट्रायकरवर खर्च व्हायला हवा.

– एक फुटबॉलप्रेमी वाचक, पुणे