न्यू हेवनहून पत्र: कॅम्पस विकलं म्हणजे सेमिनरी संपली का?

प्रिय पप्पा आणि आई,

जय ख्रिस्त. इकडे सगळं ठीक. थंडी पडायला लागलीये, आत स्वेटर वर जाकीट असं चाललंय. आई, तुझा काळा मसाला अजून पुरतोय, जेवणाची काळजी करू नको.

पप्पा, तुमच्या व्हॉइस मेसेजचं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं म्हणून निवांत लिहायला बसलो. तुम्ही विचारलंत की ज्या सेमिनरीने (पाळक घडवणाऱ्या शाळेने) स्वतःचं कॅम्पसच विकून टाकलं तिथे तू काय शिकतोयस, आणि लगेच पुढे आपल्या चर्चच्या मंडळीच्या जुन्या बोर्डिंगच्या जागेचा विषय, पंचांमध्ये दोन गट पडलेत, एक म्हणतो विका, एक म्हणतो वाडवडिलांची जागा आहे हात लावाल तर बघा. मला वाटतं दोन्हीचं उत्तर एकाच गोष्टीत आहे.

माझी ही सेमिनरी, अँडोव्हर, आपल्याला काही परकी नाही हो. १८०७ साली बोस्टनच्या वर अँडोव्हर गावात ही सेमिनरी काढली, कारण हार्वर्डमध्ये युनिटेरियन, म्हणजे त्रैक्य न मानणाऱ्या, माणसाला प्रोफेसर केलं म्हणून जुन्या मताचे लोक भडकले होते. इतके कडक की प्रोफेसरांनी दर पाच वर्षांनी मतांगिकारावर, म्हणजे श्रद्धेच्या लेखी कबुलीवर, पुन्हा सही करायची! याच सेमिनरीतून गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट निघाले आणि फेब्रुवारी १८१३ ला मुंबईत उतरले, कंपनी सरकार त्यांना परत पाठवायच्या तयारीत होतं तरी चिकटून राहिले. अमेरिकन मराठी मिशन तिथून, १८३१ ला नगर, मग १८४२ ला आपलं ज्ञानोदय नियतकालिक. म्हणजे आपण रविवारी ज्या बाकावर बसतो त्याचं मूळ त्या गावात आहे. आणि आज त्या गावात ती सेमिनरी नाही, तिच्या इमारती फिलिप्स अकॅडमी नावाच्या मोठ्या शाळेकडे आहेत.

मतं पण बदलली बरं का. नगरला १८७८ ला सेमिनरी काढणारे आपले रॉबर्ट ह्यूम, ते पण अँडोव्हरचेच. १८८६ मध्ये सुट्टीवर असताना अँडोव्हरलाच माजी विद्यार्थ्यांसमोर बोलले, की ज्यांनी सुवार्ता कधी ऐकलीच नाही त्यांना मेल्यानंतर संधी मिळेल अशी आशा धरायला हरकत नसावी. झालं, मिशनरी पाठवणाऱ्या अमेरिकन बोर्डाने त्यांना परत हिंदुस्थानात पाठवायचं की नाही यावरून रान उठवलं. आता नगरच्या खेड्यांमध्ये हिंडलेल्या माणसाला हा प्रश्न कोणी विचारला असेल ते सांगायला नको, माझा बाप न ऐकताच गेला त्याचं काय साहेब, हे आपल्याच कुणा पणजोबांनी विचारलं असणार. शेवटी १८८७ ला आले परत.

बरं, जागेवर येतो. १९०८ ला सेमिनरी केंब्रिजला हार्वर्डच्या शेजारी गेली, ज्यांच्याशी भांडून निघाली होती त्यांच्याच दारात. तिथे एकत्र व्हायचं ठरवलं तर कोर्टाने १९२५ ला मोडता घातला, मग प्रोफेसरांनी राजीनामे दिले आणि काही वर्षं वर्गच बंद. १९३१ ला न्यूटनच्या टेकडीवर बॅप्टिस्टांच्या सेमिनरीशेजारी, १९६५ ला कागदोपत्री दोघं एक, नाव अँडोव्हर न्यूटन. आणि २०१५ ला जाहीर केलं की ती टेकडी पण विकणार. कारणं तुम्हाला वेगळी सांगायला नकोत, चर्चमधली माणसं कमी होत चाललेली, पूर्णवेळ पाळकाचा पगार बऱ्याच मंडळ्यांना झेपत नाही म्हणून राहून शिकणारे विद्यार्थी कमी, आणि जुन्या इमारतींची छपरं, हीटिंग, दुरुस्त्या यातच पैसा जिरतोय. २०१७ ला येल विद्यापीठाच्या डिव्हिनिटी स्कूलशी करार झाला आणि सगळं इथे न्यू हेवनला आलं.

पण कसं आलं ते महत्त्वाचं. गाशा गुंडाळायची वेळ येईपर्यंत थांबले नाहीत, हातात पैसा असतानाच निघाले. फंड स्वतःचा, डीन स्वतःची, ट्रस्टी स्वतःचे. डिग्री येलची मिळते, वर अँडोव्हर न्यूटनचा डिप्लोमा. एका वाड्यात वेगळी चूल मांडावी तसं. एपिस्कोपल, म्हणजे अमेरिकेतल्या अँग्लिकन, लोकांची बर्कली सेमिनरी तर १९७१ पासून इथे अशीच राहतेय, त्यामुळे कुणाला त्याचं नवल नाही.

रोजचं सांगतो. इथल्या मार्क्वांड चॅपलमध्ये बाकं नाहीत, सुट्या खुर्च्या. आज गोल, उद्या समोरासमोर, परवा नुसत्या रांगा. आमची अँडोव्हर न्यूटनची आठवड्याची वेगळी उपासना असते, नंतर एकत्र जेवण, आणि मग सगळ्यांनी मिळून खुर्च्या उचलायच्या. माझ्याबरोबर खुर्च्या उचलणाऱ्या एक बाई तुमच्या वयाच्या आहेत, आधी नर्स होत्या, आता पाळक व्हायचंय, चार चार खुर्च्या एकदम उचलतात आणि मला म्हणतात तरुण माणसा, हात चालव. आपल्याकडे कुलकर्णी मास्तरांच्या बाकावर चुकून पाहुणा बसला तर काय होतं ते आठवून मला हसू येतं. राहायला पण २०२५ ला नवीन वसतिगृह उघडलंय, लिव्हिंग व्हिलेज, पन्नासेक विद्यार्थ्यांचं, वीज सोलरची. मला तिथे खोली मिळाली नाही, मी आपला जुन्या अपार्टमेंटमध्येच.

तोटा झालाच नाही असं मात्र मी म्हणणार नाही. न्यूटनला बोस्टनच्या आसपासचे नोकरी करून शिकणारे लोक यायचे, संध्याकाळी वर्ग करून घरी जायचे. त्यांना गाडीने दोन अडीच तासांवरचं न्यू हेवन कसं जमणार? येलला प्रवेश मिळणंही सोपं नाही. नाव टिकलं, पैसा टिकला, पण त्या माणसांचं दार लांब गेलं, आणि मला ते खुपतं कारण आपल्या मंडळीतले बहुतेक लोक त्याच जातकुळीचे, कामावरून येऊन बायबल वर्गाला बसणारे.

तुम्ही स्वतः यवतमाळला शिकलात ना, १९८३ ला तुमची युनियन बिब्लिकल सेमिनरी पुण्याला बिबवेवाडीला गेली तेव्हा तुम्ही पण किती हळहळला होतात, आई सांगते. आणि आज तुम्हीच पोरांना तिथे पाठवता.

तर पंचांना माझ्याकडून एवढंच विचारा, बोर्डिंग विकून येणारा पैसा कशासाठी, कुणाच्या नावावर, व्याज कोण वापरणार, हे आधी लिहून ठेवणार का? आणि त्या बोर्डिंगमध्ये राहून शिकली असती ती मुलं आता कुठे राहणार? ही दोन्ही उत्तरं कागदावर आली तर मी विकणाऱ्यांच्या बाजूचा, नाही आली तर तुम्ही सरळ विरोधात हात वर करा, मग कोण काय म्हणेल ते म्हणो.

मीटिंग झाली की मेसेज टाका, मोठा टाका, नुसता अंगठा नको. आई, नाताळात करंज्या पाठवू नकोस, पोस्टात चुरा होतो, त्यापेक्षा शेवग्याच्या शेंगांची आमटी कशी करतेस ते नीट सांग, इथे फ्रोझन शेंगा मिळतात.

तुमचा,
बाळू