शनिवारची वस्तुसंग्रहालय भेट : लोकलनेच जायचं आहे

सभासदांनो, शनिवारी सकाळी ८:३० वाजता ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला तिकीट खिडकीपाशी जमायचं आहे. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय १०:१५ ला उघडतं. रविवार मुद्दाम टाळला, मेगाब्लॉकचा, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकल बंद ठेवण्याचा, भरवसा नसतो. खासगी गाड्या आणू नका, संग्रहालयाच्या भागात, काळा घोड्याला, पार्किंग शोधण्यातच तास जातो.

सीएसएमटीचं (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचं) रिटर्न तिकीट आदल्या दिवशी नाही, त्याच सकाळी काढा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी फास्टचा हट्ट धरू नये. गेल्या वेळी आपल्या एक काकू घाटकोपरपर्यंत एका हाताने कडी धरून उभ्या होत्या, ते मला अजून बोचतं. ठाण्याहूनच सुटणारी स्लो पकडा. वेळ जास्त लागेल, पण खिडकी मिळेल. १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून, म्हणजे आजच्या सीएसएमटीच्या भागातून, आपल्या ठाण्यालाच आली होती. त्याच मार्गाने उलटं जायचंय, तेव्हा मुलांना हे नक्की सांगा.

सीएसएमटीहून हुतात्मा चौकावरून पायी वीस-पंचवीस मिनिटं. चालणं नको असेल तर कुलाब्याकडे जाणारी बेस्टची बस घ्या आणि कंडक्टरला ‘म्युझियम’ सांगा.

आत शिरण्याआधी बागेत थांबून घुमट बघा, गोवळकोंडा किल्ल्यातल्या घुमटावरून घेतलेला आहे. कुर्ल्याचा काळा आणि मालाडचा पिवळसर दगड शेजारी शेजारी दिसतो. आत सिंधमधल्या मीरपूरखासच्या भाजक्या मातीच्या मूर्ती चुकवू नका.

येणाऱ्यांनी गुरुवारी रात्रीपर्यंत नाव कळवा.